कलमाचा दाखला उलटा पडला : रोजच्या वस्तूंतून तारण शिकवताना मर्यादा कोणती?

रविवार शाळेतील शिक्षिका, मिरज

प्रभूच्या नावात सर्वांना सलाम.

मी मिरजेत राहते आणि गेली अकरा वर्षे आमच्या मंडळीच्या रविवारच्या शाळेत आठ ते बारा वर्षांच्या मुलांना शिकवते. नीतिमान ठरणे, प्रायश्चित्त, कृपा हे शब्द ह्या वयाला जड जातात, म्हणून मुलांच्या रोजच्या पाहण्यातल्या वस्तू घेऊन तारणाची गोष्ट सांगायची, अशी माझी पहिल्यापासूनची पद्धत आहे. कंदिलाची काजळलेली काच, कणकेत मिसळून दिसेनासे झालेले मीठ, गुऱ्हाळात उकळत्या काहिलीवर तरंगून येणारी आणि झाऱ्याने काढून टाकली जाणारी मळी, ह्यांवर मी पाठ घेतले आहेत. मोठी होऊन पुण्या-मुंबईला गेलेली मुलेसुद्धा भेटली की नेमक्या त्याच पाठांची आठवण काढतात.

ह्या मे महिन्यात आमची सुट्टीतील बायबल शाळा झाली. एका दिवशी बायबलमधील रोमकरांस पत्राचा ११ वा अध्याय होता. त्यात प्रेषित पौल रानटी जैतुनाची फांदी चांगल्या जैतुनावर कलम केल्याचा दाखला देतो. मी फळ्यावर चांगल्या झाडाचे खोड काढले, त्यावर रानटी फांदीचे कलम बांधलेले दाखवले आणि सांगितले की आपण ती रानटी फांदी आहोत, ख्रिस्त ते चांगले खोड आहे, त्याचा रस आपल्यात येतो आणि आपल्याला गोड फळे लागतात. पाचवीतला एक मुलगा उठून उभा राहिला. त्याच्या वडिलांची तासगावकडे द्राक्षबाग आहे. तो म्हणाला, “बाई, असं नसतं. जंगली खाली असतं आणि गोड वर बांधतात. आणि खाली काहीही असलं तरी वर बांधलेलं आपल्याच जातीची द्राक्षं देतं.”

मला उत्तर देता आले नाही. “मी विचारून सांगते,” एवढेच म्हणून मी पाठ पुढे नेला. संध्याकाळी मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला बाजूला घेऊन सांगितले की अशा दाखल्यांनी वचन पातळ होते, त्यामुळे ह्यापुढे केवळ शास्त्रपाठ द्यावा. त्यांच्या बोलण्याचे मला वाईट वाटले नाही. मला लागून राहिले ते वेगळेच. मी वेलीबद्दल सांगितलेले त्या मुलाला खोटे वाटले, तर वधस्तंभाबद्दल सांगितलेले त्याने खरे का मानावे?

म्हणून दोन गोष्टी विचारते. पौलाने दिलेला कलमाचा दाखला त्या मुलाला कसा समजावून सांगावा? आणि निसर्गातून व रोजच्या व्यवहारातून तारणाचे धडे शोधताना कुठपर्यंत जावे आणि कुठे थांबावे?

द्राक्ष बागायतदार, तासगाव तालुका

ताई, सलाम. मुलाने सांगितले ते अक्षरशः खरे आहे, आणि त्याने ते उभे राहून सांगितले ह्याचा त्याच्या वडिलांना अभिमान वाटावा. माझी साडेतीन एकर बाग आहे आणि कलमे मी स्वतः बांधतो, म्हणून आधी कलम कसे होते ते सविस्तर सांगतो. धडा त्याच्या मागोमाग येईल.

आमच्या भागात पूर्वी वेली स्वतःच्याच मुळांवर वाढत. पाणी कमी पडू लागले, विहिरी-बोअरचे पाणी मचूळ झाले, जमिनी खारावल्या, तशा त्या वेली थकू लागल्या. मग डॉगरीज नावाचा रानटी खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते खालचे मुळाचे रोप, आला. हा खुंट पाण्याचा ताण सोसतो आणि क्षारही सोसतो, पण त्याची स्वतःची फळे बाजारात कोणी विचारणार नाही. जानेवारी-फेब्रुवारीत खुंटरोपे लावायची. ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत ती पेन्सिलीएवढी जाड होतात. मग खुंट जमिनीच्या थोडा वर आडवा कापायचा, कापलेल्या तोंडावर मधोमध उभी चीर द्यायची, सोनाका किंवा थॉमसन ह्या द्राक्षजातीची दोन डोळ्यांची, म्हणजे दोन कोंब फुटण्याच्या जागांची, काडी दोन्ही अंगांनी तासून पाचरीसारखी करायची आणि त्या चिरेत बसवायची. सालीच्या आत एक पातळ हिरवा पदर असतो. खुंटाचा पदर आणि काडीचा पदर एकमेकांना भिडला आहे हे डोळे जवळ नेऊन पाहायचे आणि वरून प्लास्टिकची पट्टी घट्ट आवळायची. पदर भिडला नसेल तर पट्टी कितीही आवळली तरी काडी वाळते. भिडला असेल तर साधारण पंधरा-वीस दिवसांत डोळा फुगून कोंब बाहेर येतो.

आता मुलाचे दुसरे वाक्य पाहा. खाली काहीही असले तरी वरची काडी आपल्याच जातीचे फळ देते. जैतुनाचे, आंब्याचे, चिकूचे कलमही ह्याच नियमाने चालते. म्हणजे रानटी जैतुनाची फांदी चांगल्या झाडावर बांधली तर तिला रानटीच फळ यायला हवे. माळ्याच्या हिशेबाने हा खटाटोप वाया गेलेला आहे. परंतु पौलाला हे ठाऊक नव्हते असे मी मानत नाही, कारण २४ व्या वचनात तो स्वतःच म्हणतो की हे कलम निसर्गाविरुद्ध झाले. हे दोन शब्द मी कितीतरी वर्षे वाचून पुढे जात होतो. खुंट कापायला बसलो असताना एकदा ते मनात आले आणि हातातला चाकू तसाच राहिला. माझ्या बागेत जे कधीच घडत नाही, ते देवाने केले असे पौल सांगतो आहे. रानटी फांदी चांगल्या मुळाच्या रसावर जगू लागते, एवढेच नव्हे तर तिची जातच बदलते. त्या मुलाला सांगा की तुझे म्हणणे बरोबर आहे आणि पौलही तेच म्हणतो, म्हणूनच तो ह्याला कृपा म्हणतो.

आमच्या कलमातूनही धडा निघतो, पण तो निराळा आहे. कलम जुळले, वेल मांडवावर चढली, चार वर्षे द्राक्षे निघाली, तरी सांध्याच्या खालून रानटी खुंटाचे फुटवे येतच राहतात. त्यांचा पाला हिरवागार आणि वाढ जोमाची असते. नव्या माणसाला वाटते की बाग छान आली आहे. ते वेळीच मोडले नाहीत तर सगळा रस तेच ओढून घेतात आणि वरची काडी मागे पडते. गलतीकरांस पत्राच्या ५ व्या अध्यायात देहवासना आणि आत्मा एकमेकांविरुद्ध आहेत असे म्हटले आहे, ते मला ह्या फुटव्यांमुळे कळले. तारण झालेल्या माणसालाही रोज सकाळी सांध्याखाली वाकून पाहावे लागते.

खुंटाकडे पाहताना आणखी एक विचार येतो, तो बरोबर की चूक हे जाणकारांनी सांगावे. ज्याच्या फळाला किंमत नाही असा तो खुंट कापला जातो, जमिनीतले खारे पाणी स्वतः सोसतो आणि दुसऱ्याच्या घडात गोडी भरतो. यशयाच्या ५३ व्या अध्यायात रुक्ष भूमीतून वर आलेल्या आणि लोकांनी तुच्छ मानलेल्या सेवकाचे वर्णन आहे. ते वाचताना माझ्यासमोर हा खुंट उभा राहतो.

शेवटचे एक सांगतो, कारण ते ह्याच दिवसांतले आहे. आमच्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. खरड छाटणीत वेल इतकी कापतात की पाहुण्यांना बाग मेली असे वाटते. त्यानंतर जी नवी काडी फुटते, तिच्या डोळ्यांत मे-जूनमध्येच पुढच्या हंगामाचे घड तयार होऊ लागतात. आज तुम्ही बागेत आलात तर फक्त पाला दिसेल, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडायचे घड किती येणार, हे ह्याच आठवड्यांत त्या डोळ्यांच्या आत ठरत असते. फळछाटणीच्या आधी आम्ही काडी तपासून घेतो आणि घड कोणत्या डोळ्यात आहे ते पाहूनच कात्री लावतो. योहानाच्या १५ व्या अध्यायातला माळी अंदाजाने कापत नाही, हे मुलांना सांगता येईल.

सेवानिवृत्त पाळक, सातारा

शिक्षिका भगिनी आणि बागायतदार बंधू, दोघांनाही सलाम.

बंधूंनी ‘निसर्गाविरुद्ध’ ह्या शब्दांकडे लक्ष वेधले, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मी पस्तीस वर्षे व्यासपीठावरून बोललो आणि ह्या अध्यायावर अनेकदा उपदेश केला, पण कधी चाकू हाती घेतला नव्हता. एवढीच भर घालतो की त्या अध्यायात पौल मुख्यतः विदेशी, म्हणजे यहूदी नसलेले, विश्वासणारे आणि इस्राएल ह्यांच्याविषयी बोलत आहे, आणि त्याचा रोख १८ व्या वचनात आहे : तू मुळाला आधार देत नाहीस, तर मूळ तुला आधार देते, म्हणून ताठू नकोस. पाचवीच्या मुलालाही हे कळेल.

खुंट म्हणजे ख्रिस्त, हा बंधूंचा विचार हृदयस्पर्शी आहे, परंतु त्यांच्याच पत्रात त्याआधीच्या परिच्छेदात तोच खुंट म्हणजे आपला जुना स्वभाव असे आले आहे. एकाच वस्तूवर एकाच पाठात दोन अर्थ लादले तर मुलांच्या मनात गोंधळ होतो आणि निष्पाप प्रभूला आपण नकळत रानटी खुंटाच्या जागी बसवतो. दोन्हींपैकी एक निवडायचा असेल तर मी फुटव्यांचा धडा निवडीन. यशयाचा विचार बंधूंनी प्रार्थनेच्या वेळी स्वतःजवळ ठेवावा. तो खोटा नाही, तो खाजगी आहे.

आता मर्यादेविषयी. प्रभूने स्वतः दिलेले दाखले पाहा. लूक १८ मध्ये अन्यायी न्यायाधीश आहे, पण देव अन्यायी आहे असा त्याचा अर्थ कोणी काढत नाही. मत्तय २४ मध्ये मनुष्याच्या पुत्राच्या येण्याची तुलना रात्री येणाऱ्या चोराशी केली आहे, आणि तेथे साम्य केवळ अवचित येण्यापुरते आहे. बहुतेक दाखल्यांचा रोख असा एकाच मुद्द्यावर असतो. तो मुद्दा मिळाला की बाकीचे तपशील तसेच राहू द्यावेत. शिकवणारा माणूस दाखल्याच्या प्रत्येक काडीला अर्थ चिकटवू लागला की समजावे, तो आता वस्तूकडे पाहत नाही आणि वचनाकडेही पाहत नाही.

निसर्ग काय सांगू शकतो आणि काय सांगू शकत नाही, हे शास्त्रातच स्पष्ट आहे. १९ वे स्तोत्र सहा वचने आकाश व सूर्य ह्यांविषयी बोलते आणि सातव्या वचनापासून परमेश्वराच्या नियमशास्त्राकडे वळते. हे वळण स्तोत्रकर्त्याने विचारपूर्वक घेतले आहे. लुस्त्र येथे पौल व बर्णबा ह्यांच्यासमोर शास्त्र न जाणणारे लोक होते, तेव्हा प्रेषितांनी पाऊस आणि फलदायी ऋतू ह्यांचा दाखला देऊन देवाने स्वतःला साक्षीविना राहू दिले नाही असे सांगितले. परंतु पावसातून त्यांनी वधस्तंभ काढून दाखवला नाही. पाऊस एवढे सांगतो की कोणीतरी देणारा आहे आणि आपण त्याचे उपकार विसरलो आहोत. त्या देणाऱ्याचे नाव काय, आणि विसरलेल्यांसाठी त्याने काय केले, हे वार्तेनेच कळते.

आमच्या साताऱ्याशी संबंध असलेले एक उदाहरण देतो. रेव्ह. नारायण वामन टिळक ह्यांना फुलामुलांचे कवी म्हणतात. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत ते साताऱ्यास होते आणि १९१७ मध्ये येथेच त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ सुरू केला. फुलांवर त्यांच्याइतके प्रेम करणारे फार थोडे झाले असतील, आणि ते प्रेम ख्रिस्ती होण्याआधीचे होते. तरी त्यांना प्रभूकडे फुलांनी नेले नाही. आगगाडीच्या प्रवासात एका सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. ते वाचत वाचत डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले आणि तिथे त्यांचे मन जिंकले गेले. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याच प्रवचनात रानातील भूकमळांचा विचार करा असे प्रभूने सांगितले आहे. म्हणजे फुले त्यांच्याजवळ आधीपासून होती, वचन आल्यावर ती बोलू लागली. दरवर्षी पावसाळ्याच्या अखेरीस कास पठारावर कातळावरच्या बोटभर मातीत उमललेली फुले पाहायला हजारो लोक येतात. डोळे भरून पाहतात आणि परत जातात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही, कारण फुलाने सांगायचे तेवढे सांगितलेले असते.

म्हणून भगिनी, तुमच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे अर्धे मान्य करावे असे मला वाटते. वचन आधी वाचावे आणि वस्तू नंतर हाती घ्यावी. क्रम एवढा सांभाळला तर वस्तू सोडून देण्याची आवश्यकता नाही.

हळद व्यापारी, सांगली

सलाम. मी बागायतदार नाही आणि पाळकही नाही, परंतु आमच्या व्यवहारातले काही शब्द शास्त्रात आहेत, आणि मुलांना ते शब्दच अडवतात असा माझा अनुभव आहे. माझ्या पुतणीने एकदा विचारले, “काका, तारण म्हणजे बँकेत सोनं ठेवतात ते का?” तिने तो शब्द सोनेतारण कर्जाच्या पाटीवर वाचला होता. येथल्या शेतकऱ्यालाही तारण म्हटले की आधी शेतमाल तारण योजना आठवते. हळदीला भाव नसेल तर ती गोदामात ठेवायची, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज उचलायचे आणि भाव आल्यावर कर्ज फेडून माल सोडवायचा.

मी तिला हाच व्यवहार धरून समजावले. गोदामात पडलेले पोते स्वतःला सोडवू शकत नाही. ज्याचा माल आहे त्यानेच रक्कम भरली पाहिजे, आणि रक्कम भरली की पावतीवर शिक्का बसतो आणि पोते त्याच्या घरी जाते. येथे मी थांबलो, कारण ह्यापुढे व्याज, मुदत, वजनातली घट असे बरेच काही निघते आणि त्याचा सुवार्तेशी संबंध नाही.

मार्क १० मध्ये प्रभू आपला जीव खंडणी म्हणून देण्यास आला असे आपल्या भाषांतरात आहे. आज मुले वर्तमानपत्रात खंडणी हा शब्द गुंडांच्या बातमीत वाचतात. तो शब्द पाठात आला की मी दोन मिनिटे थांबून सांगतो की कैदेतल्या माणसाला सोडवण्यासाठी दिलेले मोल, असा तेथे अर्थ आहे. हे सांगितले नाही तर मूल देवाबद्दल काय कल्पना करून घेईल, ह्याचा विचारही नको वाटतो.

विसार हा शब्द मात्र आजही तसाच जिवंत आहे. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात पवित्र आत्म्याला आपल्या वतनाचा विसार म्हटले आहे. जमिनीचा किंवा मालाचा सौदा ठरला की घेणारा विसार देतो, आणि घेणाराच मागे फिरला तर त्याचा विसार बुडतो. येथे घेणारा देव आहे आणि त्याने विसार म्हणून आपला आत्माच दिला आहे. ज्याने आयुष्यात एक तरी सौदा केला आहे त्याला ह्या वचनाचे वजन लगेच कळते. तारणाची खात्री ह्या विषयावर मला दुसऱ्या कशाने इतका दिलासा मिळालेला नाही.

माझी एक चूकही सांगून ठेवतो. हरिपूरला जमिनीखाली हळद साठवायची पेवे होती. पुनरुत्थानाच्या रविवारी मी मुलांना सांगत असे की पेव म्हणजे कबर आणि हळद त्यातून सोन्यासारखी बाहेर येते. एका शेतकऱ्याने लक्षात आणून दिले की पेवात घातलेली हळद शिजवलेली असते, ती पुन्हा कधी उगवत नाही. उगवते ते बेणे. तेव्हापासून मी योहान १२ मधला गव्हाचा दाणाच सांगतो. प्रभूने निवडलेला दाखला बदलायचे मला काही कारण नव्हते.

गृहिणी, सांगली

सर्वांना सलाम. व्यापारी दादांनी तारण शब्दाचा एक अर्थ सांगितला. मला दुसरा सांगावासा वाटतो, कारण तो मी अनुभवला आहे. तारणे म्हणजे पार नेणे, आणि तारू म्हणजे नाव.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे, आणि पाणी ५७ फुटांवर गेले होते. आम्ही सासूबाईंना घेऊन दुसऱ्या मजल्यावर दोन रात्री काढल्या. दिवे नव्हते, प्यायला पाणी नव्हते आणि चारी बाजूंना पाणीच होते. मी पोहायला शिकलेली आहे. पहिल्या रात्री माझ्या मनात अनेकदा आले की मुलाला पाठीला बांधून निघावे. तिसऱ्या दिवशी नाव आली. गॅलरीच्या कठड्याशी ती लागली तेव्हा नावेतल्या जवानाने सासूबाईंना सांगितले, “आजी, तुम्ही काही धरू नका, मी तुम्हाला धरतो.” त्यांनी कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता आणि तो सुटेपर्यंत त्यांना नावेत घेता येत नव्हते. त्यांची बोटे एकेक करून मी सोडवली. विश्वास म्हणजे काय, हे मला कोणी विचारले तर मी ती बोटे सांगते.

परंतु ह्याच विषयात एक सावधगिरी हवी. पूर ओसरल्यावर काही दिवसांनी, हा पूर म्हणजे ह्या शहराच्या पापाची शिक्षा आहे, असे एका प्रार्थनासभेत सांगितले गेले. माझ्या शेजारी बसलेल्या बाईचा सगळा संसार चिखलात गेला होता. लूक १३ मध्ये शिलोहाचा बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांविषयी प्रभूने विचारले, ते यरुशलेमेतल्या इतर सर्वांपेक्षा अधिक अपराधी होते असे तुम्हाला वाटते काय? आणि त्याने स्वतःच नाही असे उत्तर दिले. त्याच वचनात पुढे पश्चात्तापाची हाक आहे, पण ती ऐकणाऱ्याला आहे, मेलेल्यांवर बोट दाखवायला नाही. निसर्गातून धडा घ्यायचा तर तो स्वतःसाठी घ्यावा. दुसऱ्याच्या दुःखातून त्याच्यासाठी धडा काढण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे मला कळकळीने वाटते.

शेतकरी, जत तालुका

सलाम. माझे लहानसेच आहे. कृष्णा आमच्यापासून दूर आणि खूप खाली वाहते. आमच्या आजोबांनी आयुष्यभर दुष्काळ पाहिला. नदी आटली नव्हती, पण आमची जमीन नदीकडे उतरून जाऊ शकत नव्हती. म्हैसाळ योजनेत तेच पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने उचलून वर आणले. आमच्या ओढ्यात पहिल्यांदा पाणी आले त्या दिवशी माझी आई काठावर बसून नुसती पाहत होती. आपण देवापर्यंत चढू शकत नव्हतो म्हणून तो आपल्यापर्यंत आला, हे मी मुलांना त्या कालव्यावर उभा राहून सांगतो.

पाळकसाहेबांनी मर्यादा सांगितली तीही मला पटते. ह्या पाण्याला पाणीपट्टी आहे, विजेचे बिल आहे, आणि बिल थकले की पंप थांबतात. यशया ५५ मध्ये पैशावाचून आणि मोलावाचून या असे बोलावले आहे. कालव्याचा दाखला तेवढ्या ठिकाणी तुटतो, आणि मी मुलांना तो कुठे तुटतो तेही सांगतो.

रविवार शाळेतील शिक्षिका, मिरज

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. मी हे सर्व दोनदा वाचले आणि काल रविवारी पुन्हा तोच अध्याय घेतला. ह्या वेळी आधी वचन वाचले. २४ व्या वचनाशी थांबले आणि त्या मुलालाच पुढे बोलावले. मी म्हणाले, “तू त्या दिवशी बरोबर होतास आणि मी चुकले होते. आता कलम खरे कसे बांधतात ते तू सर्वांना दाखव.” त्याने खडूने खुंट काढला, चीर काढली, पाचर काढली. हिरव्या पदराची गोष्ट त्याला ठाऊक होती, मी विचारण्याआधीच त्याने सांगितली. मग मी विचारले की ह्याच्या उलट केले, म्हणजे रानटी काडी चांगल्या झाडावर बांधली, तर कसले फळ येईल? तो लगेच म्हणाला, “रानटीच.” मी म्हणाले की पौलालाही हे ठाऊक आहे, आणि तरी देवाने तसेच केले असे तो लिहितो. तो काही वेळ फळ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “मग ते देवालाच जमणार.”

पाळकसाहेब, फुटव्यांचा धडा मी पुढच्या रविवारसाठी ठेवला आहे. आमच्या वडीलधाऱ्यांनाही त्या दिवशी वर्गात बसण्याची विनंती केली आहे आणि त्यांनी येतो म्हटले आहे. व्यापारी दादा, तारण, विसार आणि खंडणी ह्या तीन शब्दांवर एक स्वतंत्र पाठ घेण्याचे ठरवले आहे. सांगलीच्या ताईंनी लिहिलेली सासूबाईंची गोष्ट त्यांची परवानगी असेल तर नाव न घेता सांगेन.

बागायतदार दादांना एक विचारायचे आहे. वर्गात तेवीस मुले आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी द्राक्षाची बाग फक्त रस्त्यावरून पाहिली आहे. कलमे बांधण्याच्या दिवसांत त्यांना एकदा आणले तर चालेल का?

द्राक्ष बागायतदार, तासगाव तालुका

ताई, जरूर आणा. पाळकसाहेबांनी खुंटाच्या दुहेरी अर्थाबद्दल सांगितले ते मान्य आहे, मुले आल्यावर मी फुटव्यांचेच सांगेन.

यंदा अर्ध्या एकरात नवीन खुंटरोपे आहेत. ऑगस्टच्या अखेरीस बांधायला घेऊ, पाऊस फार असेल तर आठवडाभर पुढे जाईल. शनिवारी सकाळी आठपर्यंत पोहोचा, कारण ऊन चढले की काडी सुकते आणि आम्ही हात थांबवतो. फवारणी त्या आठवड्यात करणार नाही, त्यामुळे मुलांनी पानांना हात लावला तरी काळजी नाही. चाकू मी कोणाच्या हाती देणार नाही, पण पट्टी बांधायला प्रत्येकाला एकेक कलम देईन, आणि त्यावर ज्याच्या त्याच्या नावाची चिठ्ठी लावू. पंधरा-वीस दिवसांनी कोणाचे फुटले आणि कोणाचे नाही, ते फोटो काढून पाठवतो. त्या पाचवीतल्या मुलाला दोन द्या.